आई आणि मूल एकाच चित्रात: मूल मांडीवर ‘आणून ठेवल्यासारखं’ दिसतंय, काय बदलू?

खानापूर_कुंचला:

नमस्कार मंडळी. 24 बाय 30 इंचांचा उभा कॅनव्हास आहे, तेलरंगात करायचंय. सोप्यात (घराच्या पुढच्या पडवीत) मांडी घालून बसलेली आई, तिच्या मांडीवर वर्षाच्या आसपासचं मूल, दोघंही समोरून. आईला इरकल साडी, मुलाला पांढरं झबलं, हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या. उजेड दोन ठिकाणांहून येतो: डावीकडच्या दारातून आणि छपरातल्या काचेच्या कौलातून. कोळशानं रेखाटन झालंय, रंग अजून लावला नाही. आईचं डोकं हनुवटीपासून माथ्यापर्यंत 6 इंच, मुलाचं 3 इंच. संदर्भाला मोबाइलचे फोटो आहेत, हातभर अंतरावरून काढलेले.

चेहरे सुटे बघितले तर ठीक वाटतात. एकत्र बघितलं की मूल तिथं आणून ठेवल्यासारखं दिसतं. आईच्या चेहऱ्यावर हसू आणलं तरी दोघांचं काही नातं आहे असं वाटत नाही. रचनेत चुकतंय, की मुलाच्या प्रमाणात? आईनं मुलाकडे बघावं का? आणि त्वचेचे रंग कसे मिसळावेत? गणपतीपर्यंत चित्र भिंतीवर लागायला हवं, आणि आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

चित्रकला_मास्तर:

आधी फूटपट्टी घ्या, निम्मं दुखणं मापातच आहे.

नवजात बाळाची लांबी त्याच्या स्वतःच्या चार डोक्यांएवढी असते. वर्षाच्या मुलाची सव्वाचार ते साडेचार डोकी, मोठ्या माणसाची साडेसात. वर्षाचं मूल 75 सेंटीमीटर धरलं तर त्याचं डोकं 17-18 सेंटीमीटर येतं, आईचं 21-22. म्हणजे मुलाचं डोकं आईच्या डोक्याच्या चार पंचमांश. आईचं 6 इंच असेल तर मुलाचं पावणेपाच हवं. तुम्ही 3 इंच धरलंय, ते नवजात बाळापेक्षाही लहान झालं. एवढ्याशा डोक्यावर वर्षाच्या मुलाचे नाकडोळे काढले की बाहुलीच तयार होते.

आता याचा रचनेवर काय परिणाम होतो तो बघा. बसलेलं मूल माथ्यापासून बुडापर्यंत त्याच्या अडीच-पावणेतीन डोक्यांएवढं, म्हणजे तुमच्या कॅनव्हासवर साडेबारा इंचांच्या आसपास. मांडीची उंची तीन-सव्वातीन इंच. दोन्ही मिळून 16 इंच झाले. मांडी घालून बसलेली आई जमिनीपासून माथ्यापर्यंत 23 इंच, तिची हनुवटी 17 इंचांवर. म्हणजे मुलाचा माथा बरोबर तिच्या हनुवटीखाली येतो, मान जराशी झुकवली की टेकतो. सध्या तुमच्या रेखाटनात हनुवटी आणि मुलाचा माथा यांच्यामध्ये पाच-सहा इंचांची पोकळी असणार. त्या पोकळीतून नुसती साडी दिसते आणि दोघं दोन चित्रांतली वाटतात. मूल योग्य मापाचं काढलं की ती पोकळी आपोआप भरते.

रुंदीचंही बघा. समोरून बसलेल्या आईचे दोन गुडघे 22 इंच खातात, 24 मध्ये ते चेपल्यासारखे दिसतील. आईला पाऊण वळवा, पुढचा गुडघा पूर्ण दिसू दे, मागचा कडेला कापला गेला तरी चालतो.

मुलाच्या चेहऱ्यात डोळ्यांची रेघ डोक्याच्या मध्यावर घेऊ नका. मोठ्या माणसाचे डोळे मध्यावर असतात, मुलाचे त्याच्या खाली. वरचा सगळा भाग कपाळ आणि टाळू. नाकाचा दांडा जवळजवळ नसतोच, फक्त शेंडा आणि नाकपुड्या. वरचा ओठ खालच्यापेक्षा पुढे असतो, हनुवटी मागे. गालांचा फुगीर भाग डोळ्यांखाली नसून तोंडाच्या दोन्ही बाजूंना असतो. तिथंच लोक फसतात, गालाचं हाड काढतात आणि मूल म्हाताऱ्यासारखं दिसायला लागतं. समोरून मान दिसतच नाही. हातावर बोटांच्या मुळाशी हाडं वर येत नाहीत, उलट खळ्या असतात. मनगटाला घडी असते आणि मनगट्या त्या घडीतच बसतात, वर तरंगत नाहीत.

हातभर अंतरावरून काढलेले फोटो बाजूला ठेवा. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून फोटो काढला की पुढे असलेलं सगळं फुगतं: गुडघा मोठा, पाय लहान, नाक मोठं, कान मागे. दोन-सव्वादोन मीटर मागे उभे राहा, दुप्पट झूम करा, मोबाइल मुलाच्या छातीच्या उंचीवर धरा. फ्लॅश बंद.

निपाणी_स्केचबुक:

मास्तरांनी मापं सांगितली, मी वजनाबद्दल बोलतो. आई-मुलाच्या चित्रात नातं चेहऱ्यावर शोधायला गेलं की हसरी आई आणि गोंडस बाळ एवढंच हाती येतं, कॅलेंडरसारखं. नातं दिसतं ते मुलाचं वजन आईच्या अंगावर कुठं पडलंय आणि तिचं अंग त्याला कसा जबाब देतंय, यात. वर्षाचं मूल नऊ-दहा किलोचं असतं. ते वजन कागदावर उतरलं की हसू काढावंच लागत नाही.

तुमच्या बैठकीत मूल दोन गुडघ्यांच्या मधल्या खोलगट जागेत बसतं. त्याचं बूड साडीत रुतलेलं दाखवा, खालची कडा सरळ रेघेत नको. साडी दोन गुडघ्यांवर ताणलेली असते, त्यामुळे चुण्या मुलाच्या बुडापासून दोन्ही गुडघ्यांकडे पसरत जातात. आडव्या-उभ्या कशाही घातल्या तर मूल तरंगतं. मूल एका बाजूला कललेलं असेल तर आईची पाठ थोडी उलट बाजूला जाते आणि त्या बाजूचा तिचा हात आधाराला येतो.

मूल कडेवर असेल तर हाच हिशेब जास्त ठळक दिसतो. डाव्या कडेवर मूल असलं की आईचं सगळं वजन डाव्या पायावर, कंबर डावीकडे बाहेर आणि वर, छाती उजवीकडे झुकलेली. कमरेची रेघ आणि खांद्यांची रेघ एकमेकींना समांतर काढली की मूल चिकटवल्यासारखं दिसणारच. मुलाचा एक पाय आईच्या पोटावर, दुसरा पाठीमागे जातो. दोन्ही पाय पुढे काढलेली चित्रं खूप बघायला मिळतात, पण तसं मूल घसरून पडेल. आणखी एक: तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मानेखाली हात पाहिजेच, नाहीतर बघणाऱ्याला नकळत भीती वाटते आणि चित्रातला जिव्हाळा जातो.

आता हात. आईचा एक हात आधाराचा, एक कामाचा. आधाराचा हात मुलाच्या काखेखालून छातीवर येऊ दे, बोटं थोडी फाकलेली, आणि बोटांच्या मधून मांस जरा वर आलेलं. मुलाच्या अंगावर बोट टेकलंय एवढंच काढलं तर ते नुसतं ठेवलेलं बोट असतं. अंग थोडं दबलं की ते धरलेलं असतं. कामाचा हात झबल्याचा बंद बांधताना, तीट लावताना, पायात वाळा घालताना, काहीही. मुलाचाही एक हात आईकडे जाऊ दे. पदर मुठीत धरला असेल तर मुठीपासून चुण्या बाहेर फाकतात, त्या चार-पाच चुण्या नीट काढा.

मेरी कॅसॅटचं 1893 चं ‘द चाइल्ड्स बाथ’ बघा, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. बाई मुलीला मांडीवर घेऊन तिचा पाय पाण्यात धुतेय. दोघींपैकी कुणीच दुसरीकडे बघत नाही, दोघी खाली पाण्याकडे बघतात. हसूही नाही. पण बाईचा एक हात मुलीच्या कमरेभोवती, दुसरा पावलावर, आणि मुलीनं आपला हात बाईच्या गुडघ्यावर रोवलाय. एवढ्यावर सगळं चित्र उभं आहे.

कॅनव्हासवर हात घालण्याआधी साध्या कागदावर तीस-तीस सेकंदांची रेखाटनं करा की. मूल जागं असेल तर ते तेवढंच स्थिर राहतं, आणि त्या घाईत फक्त वजनाच्या रेघा उरतात. तेवढ्याच तुम्हाला पाहिजेत.

वडगाव_माग:

साडीबद्दल सांगते, कारण इरकल नुसती लाल काठाची साडी म्हणून रंगवली जाते आणि मग चित्र कुठलंच राहत नाही.

इरकलीच्या अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) सुती असतो, पदर रेशमी लाल, आणि दोन्ही ताणे टोपाच्या गाठींनी जोडलेले. त्यामुळे एकाच साडीत दोन प्रकारचा उजेड मिळतो. अंगावरचं कापड मंद, चुण्या कोनदार आणि जाड. पदर चकचकीत, त्यावरचा उजेड तीक्ष्ण आणि बारीक. दोन्ही एकाच ब्रशनं, एकाच चमकीनं रंगवू नका. पदरावर लाल रंगाचे तीन पट्टे, त्यांच्यामध्ये पांढऱ्या नक्षीचे दोन. ही पांढरी नक्षी कंगव्याच्या दात्यांसारखी किंवा कोटाच्या तटासारखी टोकदार असते, फुलापानांची नसते. काठ गोमी, परासपेठ किंवा गायत्री, कुठलाही एक ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

चित्रासाठी मी चंद्रकळा सुचवेन, गडद अंगाची. मुलाचं अंग आणि पांढरं झबलं त्यावर आपोआप उठून दिसतं, आणि लाल पदर मुलाच्या मुठीत गेला की नजर बरोबर तिथं जाते. चौकड्याची इरकल असेल तर चौकडे मांडीवर सपाट छापल्यासारखे काढू नका, ते गुडघ्यावर पसरतात आणि मुलाखाली आवळतात. आकार दाखवायला चौकड्यांएवढी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. दार आणि कौल, दोन्ही सारख्या जोरानं ठेवू नका. एक निवडा. काचेच्या कौलातून उजेड सरळ वरून येतो. त्यात झुकलेल्या आईचा चेहरा सावलीत जातो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, आणि मुलाचं कपाळ, गाल, झबलं उजळतं. बरेच जण घाबरून आईचा चेहरा उजळ करतात आणि उजेडाचा सगळा हिशेब मोडतात. तसं करू नका. पांढऱ्या झबल्यावर पडलेला उजेड परत वर जातो आणि आईची हनुवटी, खालचा ओठ, नाकाची खालची बाजू खालून उजळवतो. म्हणजे आईच्या चेहऱ्यावरचा उजेड मुलाकडून येतो. या विषयाला याहून चांगला उजेड नाही, मला तरी माहीत नाही.

खालून येणारा उजेड चेहऱ्यावर कसा चढतो ते बघायचं असेल तर सावंतवाडीचे चित्रकार हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये जाऊन बघा. समईच्या उजेडाचं आहे आणि जलरंगात आहे, पण बोटांच्या फटींत उजेड कसा तांबडा होतो आणि गालावर पोचेपर्यंत कसा निवतो, ते तेलरंगालाही लागू पडतं.

खानापूर_कुंचला:

मनापासून आभार. हनुवटी आणि माथ्यामध्ये खरंच साडेपाच इंच अंतर आहे, आत्ताच मोजलं. कौलाचा उजेड मुख्य ठेवतो, दाराचा मंद करतो. नजरेचं मात्र अजून ठरत नाही. आणि रंग?

टिळकवाडी_तैलरंग:

नजरेबद्दल माझं मत ठाम आहे. तुमच्या रचनेत आईनं मुलाकडे बघावं आणि मुलानं बघणाऱ्याकडे. नजरांचा रस्ता तयार होतो, बघणारा मुलाच्या डोळ्यांवरून आईकडे जातो आणि तिच्याकडून परत मुलावर येतो. दोघंही समोर बघत असतील तर ते फोटो स्टुडिओतलं चित्र होतं.

निपाणी_स्केचबुक:

इथं मी सहमत नाही, सर. मूल समोर बघायला लागलं की ते बघणाऱ्याचं होतं, आई मागे पडते आणि नुसता आधार उरते. दोघांनी तिसऱ्याच गोष्टीकडे बघणं जास्त भारी असतं. राजा रविवर्म्याचं 1893 चं ‘देअर कम्स पापा’ घ्या. आई मुलाला घेऊन उभी आहे आणि लक्ष चौकटीबाहेर, येणाऱ्या माणसाकडे. चित्रात न दिसणारा बाप त्यामुळे चित्रात येतो. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात बुद्धासमोरचे आई आणि मूल दोघंही वर त्याच्याकडे बघतात, आणि आई मुलाला पुढे करते आहे. जवळ घेणं म्हणजेच नातं असं थोडंच आहे?

टिळकवाडी_तैलरंग:

ही उदाहरणं पटतात, पण दोन्हींत बाहेर बघण्याला कारण आहे. इथं सोप्यात दुसरं कुणी नाही. तिसऱ्या गोष्टीकडे बघायला लावायचं असेल तर ती गोष्ट चित्रात हवी. झबल्याचा बंद, वाळा, काहीतरी. ते असेल तर तुमचा सल्ला चालेल. खानापूरकर, दोन्ही प्रकार पोस्टकार्डएवढ्या कागदावर फक्त तीन टोनांत करा: गडद, मधला, उजळ. सहा फुटांवरून ज्यात दोघांचा मिळून एकच आकार दिसतो, तो घ्या. चेहरे तिथं दिसणारच नाहीत, आणि तेच बरं. एम. एफ. हुसेनांनी मदर तेरेसांच्या मालिकेत चेहरा काढलाच नाही. निळ्या काठाचं पांढरं लुगडं आणि त्याच्या घडीत मूल, एवढ्यावर माणसं थांबून बघतात.

आता रंग. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, व्हर्मिलियन, अलिझरिन क्रिमसन, रॉ अंबर, अल्ट्रामरीन, थोडं व्हिरिडियन आणि टायटेनियम व्हाइट एवढे पुरतात. आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला पांढरा रंग बेतानं. आईसाठी सुरुवात अशी करा: ऑकर दोन भाग, बर्न्ट सिएना दोन भाग, पांढरा एक भाग, व्हर्मिलियन सुरीच्या टोकावर येईल एवढं. मुलासाठी तोच गोळा घ्या, त्यात पांढरा अर्धा भाग आणि व्हर्मिलियन किंचित वाढवा. गोळा तोच ठेवणं महत्त्वाचं आहे. मुलासाठी वेगळा गुलाबी रंग मिसळला की मूल दुसऱ्याच घरातलं दिसतं. तांबूसपणा गाल, कान, बोटांची टोकं, गुडघे आणि पावलांत आणा. उजळ करायला प्रत्येक वेळी नुसता पांढरा ओतला तर त्वचा खडूसारखी होते. ऑकर घेऊन उजळ करा, पांढरा शेवटी. मधल्या छटेत व्हिरिडियनचा थेंब, तोही तांबूस भागाच्या शेजारीच.

त्वचेला त्वचा टेकते तिथली सावली काळी नसते. दोन्ही अंगांचा रंग एकमेकांवर परावर्तित होतो, म्हणून ती तांबूस-तपकिरी आणि ऊबदार असते: बर्न्ट सिएना, अलिझरिन आणि अल्ट्रामरीन अगदी जरासं. सगळ्यात गडद रेघ टेकल्याच्या नेमक्या जागी, केसाएवढी, आणि तिथून लगेच मऊ होत जाणारी. काळ्यानं ही रेघ मारली की दोन कापलेले आकार शेजारी ठेवल्यासारखे दिसतात. तुमची ‘आणून ठेवल्यासारखं’ ही तक्रार रंगात परत उगवेल ती इथूनच.

कडांचंही तसंच. मुलाचं डोकं आईच्या गळ्याला टेकतं तिथली कडा पुसा, रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशनं एकदाच. दोन्हीकडचा टोन सारखा असेल तर कडा हरवू द्या, बघणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. सगळ्या चित्रातली सर्वांत तीक्ष्ण कडा एकाच जागी ठेवा. तुमच्याकडे लाल पदर धरलेली मूठ आहे, तिथंच. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा रंगवू नका, राखाडीत किंचित निळा. डोळ्यातला चमकीचा ठिपका दोघांच्याही डोळ्यांत एकाच बाजूला हवा, कौलाच्या उजेडात तो वर येईल. आईचे डोळे झुकलेले असतील तर तिच्या डोळ्यात ठिपका नकोच.

चित्रकला_मास्तर:

पावसाचं राहिलं. तेलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. थंड, दमट हवेत ही क्रिया मंदावते. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत हाताला न लागणारा थर जूनमध्ये आठवडाभर घेईल. म्हणून पहिला थर टर्पेंटाइननं पातळ केलेल्या रॉ अंबर आणि बर्न्ट सिएनाचा, तेल अजिबात नको. अंबर लवकर सुकतो. वरच्या थरांत जवसाचं तेल क्रमानं वाढवत जा. उलट केलं, म्हणजे खाली तेलकट आणि वर पातळ, की वरचा थर आधी आक्रसतो आणि तडकतो. या तडा नेमक्या मुलाच्या गालावर येतात, कारण तिथं जास्तीत जास्त वेळा हात फिरवलेला असतो. अलिझरिन आणि टायटेनियम उशिरा सुकतात, ते जाड लावू नका. कोबाल्ट ड्रायर (रंग लवकर सुकवणारं द्रावण) घालायचाच तर पूर्ण पॅलेटला काही थेंब, त्याहून जास्त नाही.

कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो. चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या हातानं ठोका, पण रंग ओला असताना नको. चित्र भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागून हवा फिरू दे, नाहीतर पाठीला बुरशी येते. चुलीपाशी तर मुळीच नको, धूर ओल्या रंगात बसतो आणि झबलं पिवळं पडतं.

गणपतीला लावायचं असेल तर अंतिम वार्निश तेव्हा करू नका, त्याला सहा महिने तरी जाऊ देत. रंग हाताला लागत नाही एवढा सुकला की रीटचिंग वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ वार्निशचा, एक पातळ हात द्या. तेल आत ओढलं जाऊन मंद पडलेले गडद भाग, विशेषतः चंद्रकळेचे, परत वर येतात.

खानापूर_कुंचला:

रीटचिंग वार्निश आख्ख्या चित्राला द्यायचं, की फक्त साडीला?

चित्रकला_मास्तर:

आख्ख्या चित्राला. नुसत्या साडीला दिलं तर तिरक्या उजेडात साडी चकाकेल आणि दोघांचे चेहरे मंद राहतील. रुंद, मऊ ब्रश घ्या, कॅनव्हास आडवा ठेवा, पाऊस उघडलेला दिवस बघून दुपारी करा.